रुग्ण की ग्राहक?

वैद्यकीय पर्यटनाची चर्चा आपल्याकडे बहुधा परकीय चलनाच्या हिशेबात होते. येणारा रुग्ण स्वेच्छेने येतो की पाठवला जातो, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेत बहुतेक नोकरदारांचा आरोग्यविमा मालकामार्फत येतो. खर्च वाढला तसा मालकांनी त्याचा भार कामगारांकडे सरकवला. डिसेंबर २००३च्या कायद्याने या पद्धतीला नवी चौकट दिली. हप्ता कमी, पण वर्षाचे पहिले किमान १,००० डॉलर, कुटुंबासाठी २,००० (हे २००४ सालचे आकडे), रुग्णाने भरायचे आणि त्यासाठी करमुक्त बचत खाते उघडायचे. पैसा स्वतःचा असला की माणूस भाव विचारतो, हा त्यामागचा तर्क.

हाच तर्क पुढे सीमा ओलांडतो. २००६ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या कँटन येथील ब्लू रिज कागद कारखान्याने एका कामगाराला पित्ताशय आणि खांद्याच्या शस्त्रक्रियांसाठी दिल्लीला पाठवायचे ठरवले. बचतीत त्यालाही वाटा मिळणार होता. तो राजी होता, पण पोलाद कामगारांच्या संघटनेने हरकत घेतली आणि बेत बारगळला. आज ऐच्छिक असलेले उद्या सक्तीचे होईल, शस्त्रक्रिया बिघडली तर परक्या देशात दाद मिळणे कठीण, ही तिची भीती होती.

ती मला रास्त वाटते. बचत मालक आणि कामगार वाटून घेतात. शस्त्रक्रियेची जोखीम मात्र कामगाराच्या एकट्याच्या देहावर असते. नोकरी ज्याच्या हाती, त्यानेच पुढे केलेल्या पर्यायाला निवड म्हणताना म्हणूनच जपून बोलावे.