अपंगास मिळणारें सरकारी साहाय्य : एक कीं अनेक ?

आमच्या महाड-पोलादपूर भागांतील शेती ही डोंगरउताराची. पावसाळ्यांत बांधावरून पाय घसरतो, आंब्याफणसावरून माणूस पडतो, आणि धडधाकट गृहस्थ क्षणांत परावलंबी होतो. अशा घरीं सरकारकडून काय मिळेल, हा प्रश्न निघाला कीं गांवोगांव एकच उत्तर ऐकूं येतें : "एका माणसास एकच योजना." हें उत्तर अर्धें खरें आणि अर्धें घातक आहे.

महसूल खात्यांत कारकून असतां हें उत्तर आम्हींही दिलें आहे. एका खातेदाराचा आंब्यावरून पडून पाय कापावा लागला. मासिक अनुदान मंजूर झाल्यावर, अपघाताच्या रकमेसाठीं अर्ज करूं काय, असें त्यानें विचारिलें. "दुसरें मागाल तर पहिलेंही जाईल," असें आम्हीं सांगितलें. बिचारा परतला, मुदत टळली व लाख रुपयांस तो मुकला. ती रुखरुख अद्याप आहे, म्हणून हा लेख.

साहाय्याचे तीन वर्ग ध्यानांत ठेवावे.

पहिला मासिक अनुदानाचा. अपंगत्व निदान ४० टक्के व कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आंत असल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेंत अर्ज करतां येतो. दारिद्र्यरेषेखालील ८० टक्के वा अधिक अपंगास केंद्राची इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन योजना आहे. परंतु तींत केंद्राचे ३०० रुपये असून वरची भर राज्य संजय गांधी योजनेंतूनच घालतें. म्हणजे नांवें दोन, अनुदान एकच. अपंगांचें हें अनुदान १,५०० रुपये होतें, तें ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झालें. तें घेणाऱ्या स्त्रीस लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळत नाहींत. येथें "एकच" हें खरें.

दुसरा वर्ग अपघाताच्या एकरकमी साहाय्याचा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत एक डोळा, हात वा पाय गमावल्यास १ लाख, दोन गमावल्यास २ लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५ असावें. खातेदारास तसेंच त्याच्या कुटुंबांतील एकास हा लाभ आहे. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत करावा. दुसऱ्या सरकारी खात्याच्या अपघात-योजनेचा लाभ घेतला असल्यास मात्र हा मिळत नाहीं. मासिक अनुदान ही अपघात-योजना नव्हे. त्याची आडकाठी नाहीं.

तिसरा वर्ग सवलतींचा. ४० टक्के अपंगास एस. टी.च्या भाड्यांत ७५ टक्के सूट असते. ग्रामपंचायतीनें स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठीं खर्चावयाचे असतात. हीं दोन्हीं वरील कोणत्याही लाभासोबत चालतात.

सर्वांचें मूळ म्हणजे अपंगत्वाचा दाखला, ज्यास आतां कागदोपत्रीं 'दिव्यांग प्रमाणपत्र' म्हणतात. तो प्रथम काढावा. परंतु त्याची वाट पाहत अपघाताच्या अर्जाचे ३० दिवस दवडूं नयेत. प्रत्येक अर्जांत पूर्वीं मिळालेला लाभ स्पष्ट लिहावा. लपविल्यास वसुली लागते. न मागितल्यास हक्क बुडतो. शेजारीं असा कोणी असेल तर त्यास हें वाचून दाखवावें, इतकीच विनंती.