क्लोजिंग संपलं की जाऊ!

नाताळची सुट्टी लागली की मुलांना कुठे न्यायचे, हा प्रश्न आता आमच्या कळंबसारख्या गावातही घरोघरी पडतो. पुण्या-मुंबईची नातवंडे आठवडाभरासाठी येतात आणि दुसऱ्याच दिवशी विचारतात, "आजोबा, इथे बघायला काय आहे?"

माझ्या ऐन उमेदीत हा प्रश्न मला पडलाच नाही. मी बँकेत होतो. त्या काळी बँकांचे वर्ष 31 डिसेंबरला संपत असे. 1989 पासून ते 31 मार्चला संपू लागले. त्यामुळे शाळांना सुट्टी लागे, तेव्हा आम्ही व्याजाची आकारणी करीत लेजरांत डोके घालून बसलेलो असू. घरी परतायला रात्रीचे अकरा ठरलेले.

1987 च्या डिसेंबरात मी कळंबच्या शाखेत होतो. मुलगी पाच वर्षांची. तिने एकच हट्ट धरला होता, शकुंतलेत बसायचे. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ती छोटी गाडी तेव्हा वाफेच्या इंजिनावर धावायची. मँचेस्टरला 1921 साली बनलेले ते इंजिन 1994 मध्ये निवृत्त झाले. यवतमाळ इथून जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. "क्लोजिंग संपलं की जाऊ," मी म्हणालो. क्लोजिंग संपले, तसा कर्जवसुलीचा हंगाम आला आणि उन्हाळ्यात बदलीचा हुकूम. शकुंतला राहून गेली. आता तर ती बंदच आहे.

निवृत्तीनंतर मी कळंबलाच घर बांधले. 28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली आणि ज्या गावाने कधी शिट्टी ऐकली नव्हती, तिथे गाडी येऊ लागली. त्याच वर्षी नाताळात मुलगी तिच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन आली. या वेळी मी कुणी विचारायची वाट पाहिली नाही.

पहिल्या दिवशी चिंतामणीला गेलो. विदर्भाच्या अष्टविनायकांतले हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरताना नातवाने विचारले, "देव खाली का?" मी त्याला कुंड दाखवले. या कुंडाचे पाणी काही वर्षांनी आपोआप वर चढते, मूर्तीच्या पायांना लागते आणि ओसरते. दर बारा वर्षांनी, असे लोक सांगतात. "म्हणजे पुढच्या वेळी मी किती मोठा असेन?" तो बोटे मोजू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने वर्ध्याला निघालो. भिडी, देवळी अशी ओळखीची नावे खिडकीतून सरकत होती. दोन्ही बाजूंना तूर आणि वेचणीला आलेला पांढराशुभ्र कापूस. डब्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणि संत्री.

वर्ध्यात आधी मगन संग्रहालय पाहिले. गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले ते 30 डिसेंबर 1938 ला, म्हणजे नाताळच्याच दिवसांत. ग्रामोद्योगांचे काम इथून चालवणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते. येशूच्या शिकवणीवर त्यांनी पुस्तकही लिहिले. नाताळ म्हणजे फक्त केक आणि लाल टोपी नव्हे, हे सांगायला यापेक्षा चांगली जागा मला तरी ठाऊक नाही. नातू मात्र चरख्यांपाशी रमला.

तिथून सेवाग्राम. बापूकुटीच्या मातीच्या भिंतींना त्याने हळूच हात लावला. व्हाइसरॉयने बसवून दिलेला टेलिफोन पाहून तो हसला. पण त्याला खरा आवडला तो साप पकडायचा चिमटा आणि पेटी. इथे साप मारायचे नाहीत, धरून दूर सोडायचे, असा शिरस्ता होता. परतीच्या एसटीत तो त्याबद्दलच बोलत होता. बोलता बोलता झोपला.

तेव्हा मी मुलीला म्हणालो, "तुझी शकुंतला काही झाली नाही बघ."

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "शकुंतला मला फारशी आठवत नाही, बाबा. तुम्ही रोज 'क्लोजिंग संपलं की' म्हणायचे, ते आठवते. मी जेवून दारात बसायची."

अडतीस वर्षे हिशेब जुळवले, पण हा फरक माझ्या कुठल्याच ताळेबंदात दिसला नव्हता.

वाचकहो, लांबच्या सहलीला पैसा लागतो, रजा लागते. पण तुमच्या गावापासूनही तासाभरावर एखादे जुने देऊळ, एखादा आश्रम, निदान कुणाचे तरी शेत असेलच. गाडीचे वार आणि वेळ आधी विचारून घ्या. सकाळी गारठा असतो, स्वेटर घाला. डब्यात घरचे काहीतरी घ्या.

आणि मुलाने विचारले की त्याला तारीख सांगा.