पेशीकेंद्रकाची जाळी आणि घराण्यातील हृदयविकार

‘पा’ (२००९) चित्रपटातील वृद्ध दिसणारा शाळकरी ऑरो आपणास आठवत असेल. त्याच्या प्रोजेरिया या आजाराचे मूळ पेशीकेंद्रकात आहे. केंद्रकाच्या आवरणाला आतून ‘लॅमिन’ प्रथिनांची जाळी असते. मांडवाला खांब-बांबूंचा असावा तसा तिचा आधार. प्रोजेरियात लॅमिन-ए सदोष बनून केंद्रक वेडेवाकडे होते. जनुकातील हा दोष २००३ साली सापडला.

तो आजार अतिदुर्मीळ. परंतु त्याच जनुकातील अन्य दोषांमुळे ऐन तिशी-चाळिशीत हृदयाचे ठोके मंदावतात, हृदय फुगून अशक्त होते, कधी अकस्मात मृत्यूही ओढवतो. असा दोष बहुधा पालकांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. (पेशी ‘तरुण’ करणाऱ्या चूर्णांनी तो दुरुस्त होत नाही.)

फुलसावंगीच्या माझ्या दवाखान्यात घराण्याचा इतिहास विचारला, की “झटका आला नि गेले” एवढेच उत्तर मिळते. कोण कितव्या वर्षी गेले, कोणास तरुणपणीच पेसमेकर बसवला, हे आपणा ज्येष्ठांनाच ठाऊक असते. ते वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे. मुलांचा ईसीजी, इको व गरजेनुसार जनुकीय तपासणी त्यावरूनच ठरते.