मेणकागदाची पहिली घडी

न्यू जर्सीत भाच्याच्या घरी रात्रीची जेवणं आटोपल्यावर त्याने टेबल कोरडं पुसलं आणि माझ्यापुढे दोन गोष्टी मांडल्या. जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद केलेलं, तळहातावर मावेल एवढं मेणकागदाचं एक पाकीट. आणि शेजारी तशीच, पण मोकळी, सहा पाकिटं. "मामा, ही सहा फोडायला आणलीत. पेटीतलं मात्र नुसतं बघायचं."

पेटीतलं पाकीट अमेरिकेतल्या फ्लिअर कंपनीचं, १९८६-८७च्या बास्केटबॉल हंगामाचं. आत खेळाडूंची १२ कार्डं, १ स्टिकर आणि बबलगमची एक चपटी पट्टी. अशी ३६ पाकिटं एका खोक्यात भरून दुकानात ठेवलेली असत. पोरं खाऊच्या पैशांतून घेत आणि दुकानाच्या दारातच फाडत. जी फाडायची राहून गेली, त्यांना आज हजारो डॉलर मिळतात, कारण त्या १३२ कार्डांच्या संचातलं ५७ क्रमांकाचं कार्ड मायकेल जॉर्डनचं आहे. पीएसए या दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी कंपनीने १० पैकी १० गुण दिलेलं ते कार्ड जानेवारी २०२१मध्ये ७,३८,००० डॉलरला विकलं गेलं.

आता साधा हिशेब करा. १३२ कार्डं, पाकिटात १२. म्हणजे सरासरी अकरा पाकिटांमागे एकात जॉर्डन. एखाद्याने पाकीट हलक्या हाताने उघडलं, जॉर्डन नाही असं पाहिलं आणि तीच कार्डं, तोच गम, त्याच कागदात घालून पुन्हा चिकटवलं, तर? कागद अस्सल, कार्डं अस्सल, गमही अस्सल. खोटा फक्त एक शब्द: 'न उघडलेलं'. घेणाऱ्याची अकरात एक ही आशा शून्यावर आलेली असते आणि त्याला ते कळण्याचा सरळ मार्ग एकच, पाकीट फोडणं. फोडलं की पुरावा मिळतो, पण माल जातो. फसवणुकीचे प्रकार पुष्कळ वाचले, पण ज्यात फसलेला माणूस आपणहून पुरावा जपून ठेवतो, काचेच्या कपाटात मांडून ठेवतो, असा हाच पाहिला.

मी पोस्टाची तिकिटं जमवणारा. आमच्यातही कोऱ्या तिकिटाच्या पाठीवरचा मूळ डिंक शाबूत असेल तर भाव वेगळा असतो, आणि नवा डिंक फासून जुनं तिकीट 'कोरं' करणारे कारागीरही असतात. त्यामुळे पाकिटाची पुढची, रंगीत बाजू सोडून मी आधी पाठ बघायला लागलो, तेव्हा भाचा खूश झाला. या धंद्यातली खरी परीक्षा पाठीवरच होते.

पूर्वी आपल्याकडे पावाची लादी मेणकागदात यायची, ती ज्यांना आठवते त्यांना ही रचना लगेच कळेल. कागदाला पॅराफिन मेणाचा पातळ थर असतो. यंत्र कार्डांच्या गठ्ठ्याभोवती कागद गुंडाळतं, कडा पाठीवर आणून एकीवर एक दुमडतं आणि तापलेली पट्टी क्षणभर दाबतं. पॅराफिन साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास वितळतं. दाब निघाला की थिजतं आणि दोन थर एकमेकांना धरतात. डिंक नाही, चिकटपट्टी नाही. यंत्राचा दाब सारखा, वेळ सारखा, म्हणून त्या जोडावरची खूणही एकसारखी, आखीव.

हे नुसतं ऐकून पटत नाही. म्हणून ती सहा पाकिटं. टॉप्स कंपनीची, १९८८ सालची, बेसबॉलची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की संग्राहक त्या काळाला सरळ 'जंक वॅक्स' म्हणतात. त्यामुळे ही आजही किरकोळ पैशांत मिळतात. एक पाकीट मी नखाने, तिकीट सोडवताना धरतो तितका श्वास धरून, उघडलं. कागद कुठेही फाटला नाही. मग भाच्याने इस्त्री मंद तापवली, मी घड्या जशाच्या तशा घालून वर टोक टेकवलं. चिकटलं! आणि लांबून पाहता फसावं असं दिसलंही.

मग त्याने दिवा तिरपा धरला. न उघडलेल्या पाकिटावर घडीची एकच धारदार रेघ होती. माझ्या पाकिटावर तिला समांतर, केसभर सरकून, दुसरी रेघ उमटली होती. कागदाचे तंतू एकदा मोडले की तिथे बारीक पांढरट भेगा पडतात. मेण त्या झाकत नाही, उलट दाखवतं. मूळ जोडावर मेणाची मंद, सारखी झाक होती. माझ्या जोडावर डाग होते: एकीकडे मेण कागदात मुरून कोरडं पडलेलं, दुसरीकडे ओघळून जोडाच्या बाहेर चकाकणारं. पाकीटही मघाच्यासारखं घट्ट बसेना. अर्ध्या तासात मला जे कळलं ते कुठल्याही वर्णनाने कळलं नसतं. परीक्षक मंडळी पाकीट हातात घेऊन आधी हेच पाहतात: घडी किती वेळा पडली, मेण किती वेळा वितळलं.

गमही साक्ष देतो. इतक्या वर्षांत तो काचेसारखा कडक होतो, तुटतो, आणि लागून असलेल्या कार्डावर त्याचा चौकोनी डाग पडतो. आम्ही फोडलेल्या पाकिटात तो डाग होता, गमच्या आकाराशी तंतोतंत जुळणारा. पाकीट न फोडताही वेष्टनाखाली गमचा उठाव बोटाला लागतो. तो वेडावाकडा किंवा भलत्या जागी असेल तर शंका घ्यावी. टॉप्सने १९९२च्या बेसबॉल संचापासून गम देणं बंद केलं, तेव्हा त्या पुढच्या पाकिटांनी एक साक्षीदार गमावला.

सेलोफेनच्या पाकिटांची परीक्षा वेगळी. तिथे पहिलं आणि शेवटचं कार्ड बाहेरून दिसतं. वर नामांकित खेळाडू असेल तर किंमत चढते आणि लबाडीचा मोहही. जोडावर वितळल्याच्या रेघा, ताण, भोकं हे पाहायचंच, पण जाणकार आणखी एक गोष्ट पाहतात. कार्डं मोठ्या तावावर छापून, कापून, यंत्राने ठरावीक क्रमाने भरली जात. शेकडो पाकिटं फोडलेल्यांना कोणत्या कार्डामागे कोणतं येतं हे ठाऊक असतं. दिसणारी दोन कार्डं त्या क्रमात बसत नसतील, तर जोड कितीही सुबक असो, पाकीट संशयित.

मग परीक्षक पाकिटाच्या प्लॅस्टिक पेटीवर जे गुण देतात, त्यांचा अर्थ काय? आधी 'अस्सल आणि न उघडलेलं' हा निर्वाळा, आणि त्यानंतर वेष्टनाची अवस्था: फाट, भोक, सुरकुती, डाग, उडालेला रंग. कारखान्यातच कागद तिरका गुंडाळला गेला असेल तर गुण कमी होतात, पण अस्सलपणाला बाध येत नाही. मला तर असा तिरकेपणा आश्वासक वाटतो. यंत्राची घाई नक्कल करायला अवघड असते. आतल्या कार्डांबद्दल मात्र तो आकडा काहीच सांगत नाही, आणि नवखे नेमके इथेच फसतात.

याचं मोठं उदाहरण कॅनडातलं. सॅस्कॅचवान प्रांतातल्या एका घरात ओ-पी-ची कंपनीच्या १९७९-८०च्या हॉकी कार्डांची सीलबंद पेटी निघाली: १६ खोकी, प्रत्येकात ४८ पाकिटं, पाकिटात १४ कार्डं. म्हणजे दहा हजारांवर कार्डं, आणि ३९६च्या संचाच्या हिशेबाने त्यांत आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीचं पदार्पणाचं कार्ड पंचविसाहून अधिक वेळा असावं. फेब्रुवारी २०२४मध्ये ती पेटी ३७ लाख २० हजार डॉलरला गेली. पण याच ग्रेट्स्कीचं १० गुणांचं एकटं कार्ड २०२१मध्येच साडेसदतीस लाखांना विकलं गेलं होतं! कोडं सुटतं ते कार्डांच्या कडा पाहिल्यावर. ओ-पी-चीच्या तेव्हाच्या कार्डांची कापणी खडबडीत, छपाई बरेचदा मध्यावरून सरकलेली. पाकीट निष्कलंक असलं तरी आतलं कार्ड जन्मतःच डागी असू शकतं.

आणि पाकिटाबाहेरचं पुठ्ठ्याचं खोकं तर पाकिटाहूनही कमी बोलतं. लोगन पॉल या यूट्यूबरने पोकेमॉनच्या पहिल्या आवृत्तीची सहा खोक्यांची सीलबंद पेटी ३५ लाख डॉलरला घेतली. ती जाणकारांनी तपासून खरी ठरवलेली होती. जानेवारी २०२२मध्ये ती उघडली, तर आत जी. आय. जो या खेळण्यांची कार्डं! बाहेरच्या पुठ्ठ्यावर आणि चिकटपट्टीवर विसंबलं की असं होतं. मेणकागदाच्या प्रत्येक पाकिटाची आपली स्वतःची घडी असते. पुठ्ठ्याच्या पेटीत ती परीक्षकाच्या नजरेपासून दूर राहते.

झोपायला जाण्यापूर्वी मी टेबल आवरायला घेतलं. उरलेली पाच पाकिटं भाच्याने जाड पुठ्ठ्याच्या डबीत, हीटरपासून दूरच्या कपाटात ठेवली. मी इस्त्रीने चिकटवलेलं सहावं हातात घेऊन तो थोडा थांबला. मग ड्रॉवरमधून न पुसणारं काळं पेन काढलं आणि पाठीवरच्या जोडावर, दोन्ही घड्यांवरून, ठळक अक्षरात मराठीत लिहिलं: उघडलेलं. आणि त्याखाली तेच इंग्रजीत.