फ्रॉइडचा ‘मी’ आणि भोजाचा द्रष्टा

मनोविश्लेषणाने आत्म्याची कल्पना कायमची निकालात काढली, असा समज सुशिक्षितांत बराच रूढ आहे. तो कितपत साधार आहे, हे पाहण्यासाठी आम्हां माळव्यातील मराठी वाचकांना फार दूर जावयास नको. अकराव्या शतकात धारेस राज्य करणाऱ्या परमार भोजाची पातंजल योगसूत्रांवरील ‘राजमार्तंड’ ही वृत्ती प्रसिद्धच आहे.

प्रथम फ्रॉइडचे म्हणणे पाहू. १९२३ च्या ग्रंथात त्याने मनाचे तीन विभाग कल्पिले. ‘ते’ म्हणजे आंधळ्या वासनांचा साठा. ‘मी’ म्हणजे जगाशी जुळते घेणारा व्यवहारी भाग. आणि ‘वरचा मी’ म्हणजे आईबापांच्या विधिनिषेधांतून घडलेला अंतःस्थ शास्ता. देवास गावी १९४८ पर्यंत थोरली पाती व धाकटी पाती असे दोन दरबार नांदत होते. नाव एक, कारभार दोन. मनाचेही तसेच. भेद इतकाच की, ते दरबार परस्परांना ओळखून होते. ‘मी’ला मात्र आपल्याच घरातील दुसऱ्या कारभाराचा पत्ता नसतो.

आता भोजाकडे वळू. योगशास्त्रात क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. त्यांपैकी ‘प्रसुप्त’ अवस्थेसाठी भोज बालकाचा दृष्टांत देतो. बालकाच्या चित्तात राग-द्वेषादी क्लेश वासनारूपाने असतातच. जागे करणारे निमित्त नसल्यामुळे ते प्रकट होत नाहीत. येथे फ्रॉइडशी साम्य दिसते, पण ते ताणू नये. भोजाचा प्रसुप्त क्लेश निमित्ताची वाट पाहत निजलेला असतो. फ्रॉइडची दडपलेली वासना बळाने बाहेर ठेवलेली असते, आणि स्वप्नांतून वा बोलण्यातील चुकांतून वेषांतर करून परत येते.

तात्त्विक प्रश्न याच्या पुढचा आहे. योगमताप्रमाणे द्रष्टा चित्ताहून निराळा आहे, आणि दोहोंना एक मानणे हीच अस्मिता. फ्रॉइडचा ‘मी’ चित्ताच्याच बाजूस पडतो. म्हणून त्याने आसन हलविले ते अस्मितेचे. द्रष्ट्याचा प्रश्न त्याच्या पुराव्याने सिद्धही होत नाही, खोडलाही जात नाही. परंतु यावरून आत्मवाद्यांनी निश्चिंत होऊ नये. ज्याला आपण ‘अंतरात्म्याचा आवाज’ म्हणतो, तो पुष्कळदा बालपणी ऐकलेला वडिलांचा दटावणीचा स्वर असू शकतो, ही शंका त्यांनाही टाळता येणार नाही.

मग नीतीचे काय? कृतीचे मूळ नेणिवेत असेल, तर दोष कोणाचा? १९२५ च्या एका टिपणात फ्रॉइडने स्वप्नांतील दुष्ट प्रेरणांचीही जबाबदारी माणसाने स्वतःकडे घेतली पाहिजे, असे म्हटले आहे. कारण त्या दुसऱ्या कोणाच्या नसतात. आम्हां शिक्षकांना हे विशेष विचार करण्याजोगे वाटते. खोडी करणारा मुलगा ‘का केलेस?’ या प्रश्नावर गप्प राहतो, तेव्हा त्याचे मौन नेहमीच उद्दामपणाचे नसते. कारण त्याचे त्यालाच ठाऊक नसते. कृतीची जबाबदारी त्याला घ्यावयास लावावी, हे खरे. परंतु कारण शोधण्याचे काम त्या मुलावर एकट्यावर सोडू नये.