उसाचा हिशेब आणि एक्सेलचा तक्ता

संगणकाच्या प्राथमिक अभ्यासक्रमात यंत्राची ओळख, फाइल-फोल्डर, वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट हे विषय ठरलेलेच. महाराष्ट्रात हे शिक्षण घरोघरी पोहोचवले ते एमएस-सीआयटीने. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने हा अभ्यासक्रम २००२ मध्ये सुरू केला. शासकीय नोकरीसाठी संगणकज्ञानाचे प्रमाणपत्र लागू लागल्यावर तालुक्यातालुक्यांत त्याचे वर्ग निघाले.

यात खरा कस लागतो एक्सेलमध्ये. आंबेगाव तालुक्यातल्या पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. तेव्हा तिथल्या वर्गात ओळखीचे म्हणून उदाहरण उसाचेच घ्यावे. एका रकान्यात प्रत्येक खेपेचे टनातले वजन, बाजूला एका घरात दर. वजन गुणिले दर हे सूत्र एकदा लिहून खाली ओढले, की सगळ्या रकमा तयार. मात्र सूत्र ओढताना दराचे घरही खाली सरकते आणि हिशेब चुकतो. ते जागीच ठेवण्यासाठी त्याच्या पत्त्यात डॉलरचे चिन्ह घालावे लागते. नवशिके नेमके इथेच अडखळतात.

वर्डमध्ये मराठी टंकलेखन युनिकोडमध्येच शिकावे. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अगम्य चिन्हांत दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला जगभर एकच क्रमांक असतो. पॉवरपॉइंट दोन-चार तासांत जमते.