वापरलेल्या तेलाचा हिशेब

तळणीतून शेवटचा घाणा निघाला, की कढईत उरलेल्या तेलाचे पुढे काय होते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. घरात ते गाळून बरणीत भरले जाते आणि दुसऱ्या दिवशी फोडणीला लागते. उपाहारगृहांत, फरसाणाच्या कारखान्यांत आणि मोठ्या भटारखान्यांत मात्र असे तेल रोज डबे भरून उरते. त्याला बराच काळ दोनच वाटा होत्या. पहिली गटाराची, दुसरी, स्वस्तात तेल विकत घेणाऱ्याची. दुसऱ्या वाटेने गेलेले तेल पुन्हा एखाद्या हातगाडीवरच्या कढईत पोहोचत असे आणि त्यात तळलेला पदार्थ खाणारा बहुधा तोच असे, ज्याला चांगल्या तेलातले परवडत नाही.

या तेलाचा हिशेब मागण्याचे काम देशात ज्या संस्थेने हाती घेतले, ती संस्था पर्यावरण खात्याची नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, म्हणजेच एफएसएसएआय, ही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील संस्था होय. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये २००८ मध्ये ती स्थापन झाली. खाद्यपदार्थांची मानके ठरविणे आणि ग्राहकाच्या ताटात निर्भेळ, निर्धोक अन्न पोहोचेल असे पाहणे हे तिचे मूळ कार्य. परंतु अन्न ताटातून बाहेर गेल्यावर हवा, पाणी आणि जमीन यांचे काय होते, हा प्रश्नही गेल्या काही वर्षांत तिच्या कार्यकक्षेत आला. ‘ईट राइट इंडिया’ या तिच्या उपक्रमात सुरक्षित आणि पोषक आहाराच्या जोडीला पर्यावरणपूरक आहार हे तिसरे उद्दिष्ट ठेवलेले आहे. या तिसऱ्या उद्दिष्टाच्या वाटेवर ती किती पुढे आली, हे पाहण्यासारखे आहे. कारण तेथील यशापयशात प्रत्येक स्वयंपाकघराचा वाटा आहे.

पंचवीस टक्क्यांची रेषा

तेल वारंवार तापविले, की त्याची घडण मोडते. हवा, उष्णता आणि पदार्थातील पाणी यांच्या संयोगाने त्यात नवी संयुगे तयार होतात. त्यांना एकत्रितपणे ‘एकूण ध्रुवीय संयुगे’ म्हणतात. त्यांचे प्रमाण वाढत गेले, की तेल काळवंडते, दाट होते, त्याला फेस येतो आणि ते आरोग्यास अपायकारक ठरते. प्राधिकरणाने या संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविली. १ जुलै २०१८ पासून त्यापुढे गेलेले तेल स्वयंपाकासाठी वापरणे नियमबाह्य झाले. तेलात बुडवून क्षणात प्रमाण दाखविणारी हातात धरण्याजोगी उपकरणे मिळतात. त्यामुळे ही तपासणी कढईपाशीच करता येते.

परंतु नुसती बंदी घालून भागत नाही. बाद झालेल्या तेलाला दुसरी वाट मिळाली नाही, तर ते जुन्याच वाटेने जाणार, हे उघड होते. म्हणून १० ऑगस्ट २०१८ रोजी, जागतिक जैवइंधन दिनी, प्राधिकरणाने ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. वापरलेले खाद्यतेल गोळा करावे आणि त्याचे बायोडिझेल करावे, हा त्याचा गाभा. प्रक्रिया फार गुंतागुंतीची नाही. तेल गाळून, त्यातील पाणी काढून, मिथेनॉल आणि उत्प्रेरक यांच्याबरोबर त्याची क्रिया घडविली, की बायोडिझेल व ग्लिसरीन वेगळे होतात. पहिले डिझेलमध्ये मिसळता येते, दुसऱ्याला साबणासारख्या उद्योगांत मागणी असते. जमिनीतून उपसलेल्या खनिज तेलाची तेवढी बचत होते आणि तळणाचे तेल नाल्यांत जात नाही.

१ मार्च २०१९ पासून आणखी एक पाऊल पडले. तळणासाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकाने नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. कोणते तेल किती वापरले, किती बाद केले, कोणत्या तारखेला व कोणत्या संकलकाला दिले, हे त्यात लिहावयाचे असते. देशात तेलाची खरेदी लिहून ठेवण्याची पद्धत जुनीच होती. तेलाच्या अखेरची नोंद सक्तीची झाली, ती मात्र या नियमाने.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे २,७०० कोटी लिटर खाद्यतेल वापरले जाते. हॉटेले, उपाहारगृहे, कॅन्टीन अशा मोठ्या ग्राहकांकडूनच त्यातील सुमारे १४० कोटी लिटर वापरलेले तेल गोळा होऊ शकते आणि त्यापासून वर्षाला ११० कोटी लिटर बायोडिझेल मिळू शकते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने तर २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि त्यासाठीच्या कच्च्या मालात वापरलेल्या खाद्यतेलाचा समावेश आहे.

प्रत्यक्ष वाटचाल संथ आहे. १० ऑगस्ट २०१९ रोजी सरकारी तेल कंपन्यांनी देशातील १०० शहरांत अशा बायोडिझेलच्या खरेदीसाठी उत्पादकांना आवाहन केले. पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२ रुपये ७० पैसे आणि तिसऱ्या वर्षी ५४ रुपये ५० पैसे असा दर त्यांनी देऊ केला. या योजनेखाली बायोडिझेल मिसळलेल्या डिझेलची पहिली खेप ४ मे २०२१ रोजी इंडियन ऑइलच्या दिल्लीतील टिकरीकलां येथील आगारातून निघाली. घोषणा आणि पहिली टाकी यांच्यात जवळजवळ दोन वर्षे गेली. डिझेलमधील बायोडिझेलचे प्रमाण त्यानंतरही एक टक्क्याच्या आतच घुटमळत राहिले.

याचे मुख्य कारण बाजारभावात दडलेले आहे. नवे तेल महागले, की काळ्या तेलाचाही भाव चढतो. बायोडिझेलवाल्याला इंधनाच्या ठरलेल्या दरात आपला खर्च बसवावा लागतो; हेच तेल पुन्हा खाण्यासाठी विकणाऱ्याला तसे बंधन नसते. त्यामुळे तो डब्यामागे चार पैसे जास्त देऊ शकतो आणि पावतीही मागत नाही. दुसरे कारण म्हणजे ५० लिटरची मर्यादा. दिवसाला १०-१५ लिटर तेल वापरणारा वडेवाला २५ टक्क्यांच्या नियमात आहे, पण नोंदवहीच्या नियमात नाही. अशा हजारो लहान कढयांतील तेल दारोदार फिरून गोळा करणे हे कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे. तिसरे कारण अंमलबजावणीचे. मानके दिल्लीत ठरतात. तपासणी मात्र राज्यांकडे असते. महाराष्ट्रात ती अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी करावयाची असते. दूध, खवा, मिठाई, औषधे या सर्वांवर लक्ष ठेवता ठेवता तेलाची नोंदवही उघडून पाहण्याची वेळ येणार केव्हा, हा प्रश्न उरतोच.

ताटात उरलेले, पातेल्यात उरलेले

तेलाइतकाच मोठा प्रश्न वाया जाणाऱ्या अन्नाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील घरांत दर माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. देशाची बेरीज ७ कोटी ८० लाख टनांच्या घरात जाते. या अन्नाबरोबर ते पिकविण्यासाठी लागलेले पाणी, खत, वीज आणि शेतकऱ्याचे श्रमही वाया जातात. शिवाय कचराभूमीवर कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो तो वेगळाच.

या संदर्भात प्राधिकरणाने २०१९ मध्ये अतिरिक्त अन्नाचे संकलन व वितरण यांसाठी स्वतंत्र नियम केले. लग्नसमारंभात किंवा उपाहारगृहात उरलेले चांगले अन्न गरजूंना द्यावे, ही इच्छा अनेकांची असते. परंतु खाणाऱ्यास काही झाले तर जबाबदार कोण, या भीतीने हात आखडतो. नियमांनी देणाऱ्याची आणि वाटणाऱ्याची जबाबदारी वेगवेगळी मांडली. अन्न वाटणाऱ्या संस्थेने नोंदणी करावी, मुदत उलटलेला पदार्थ देऊ नये, दिलेल्या अन्नावर त्याचे नाव, मुदत आणि ते शाकाहारी आहे की मांसाहारी याची खूण असावी, नाशवंत पदार्थ योग्य तापमानात राखावेत आणि अन्न विनामूल्य द्यावे, अशी त्यांची रचना आहे. शाकाहारी-मांसाहारी खुणेची अट विशेष महत्त्वाची आहे. फुकट मिळणारे अन्न घेणाऱ्यालाही आपला आहारधर्म पाळण्याचा तेवढाच अधिकार आहे, हे तिने मान्य केले.

फ्रान्सने २०१६ मध्ये मोठ्या दुकानांना न विकलेले खाण्याजोगे अन्न नष्ट करण्यास कायद्यानेच मनाई केली. भारतातील नियमात तशी सक्ती नाही. देणे ऐच्छिक आहे. दिले तर कसे द्यावे, एवढेच तो सांगतो. त्यामुळे त्याची फलश्रुती मुंबईच्या डबेवाल्यांनी चालविलेल्या रोटी बँकेसारख्या स्वयंसेवी प्रयत्नांवर अवलंबून राहते.

वेष्टनाचा पेच

कधी कधी आरोग्य आणि पर्यावरण परस्परांना अडवितात. वेष्टनाच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते. १ जुलै २०१९ पासून अमलात आलेल्या वेष्टन नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधण्यास मनाई केली, कारण छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये गरम, तेलकट पदार्थात उतरतात. त्याच नियमांनी पुनर्वापर केलेले प्लॅस्टिकही अन्नासाठी निषिद्ध ठरविले. आरोग्याच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण मग प्रत्येक बाटलीसाठी नवे प्लॅस्टिक लागणार, हेही खरे.

पुढे पर्यावरण मंत्रालयाने २०२२ च्या नियमांत टणक प्लॅस्टिक वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के पुनर्वापर केलेले प्लॅस्टिक वापरण्याचे बंधन आणले. एका खात्याने जे वर्ज्य मानले, ते दुसऱ्याने आवश्यक ठरविले. प्राधिकरणाने याच वर्षी मधला मार्ग काढला. पाण्याच्या बाटल्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘पेट’ या प्लॅस्टिकपुरती, आणि प्रक्रियेत दूषित घटक सुरक्षित मर्यादेपर्यंत कमी होतात हे सिद्ध झाले तरच, परवानगी देणारी मार्गदर्शक तत्त्वे त्याने ठरविली. हॉटेलांना आपल्या आवारातील वापरासाठी पिण्याचे पाणी कागदी मोहोर लावलेल्या, पुन्हा वापरता येणाऱ्या काचेच्या बाटल्यांत देण्याची मुभा त्याआधीच मिळाली होती. अशा छोट्या सवलतींनीही प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा ढीग कमी होतो.

घरापर्यंतची वाट

एकंदरीत पाहता प्राधिकरणाने नियमांची चौकट उभी केली आहे आणि ती विचारपूर्वक केली आहे. उणीव आहे ती गोळा करण्याच्या टप्प्यावर. १४० कोटी लिटरच्या अंदाजात घरगुती तेल धरलेलेच नाही, आणि कोणताही निरीक्षक घराघरातील कढई तपासणार नाही. तेथे नियमाची जागा सवयीनेच घ्यावी लागते.

शक्यतो तेल एकदाच तळणासाठी वापरावे आणि कोणत्याही परिस्थितीत तीन वेळांपेक्षा अधिक तापवू नये, असा प्राधिकरणाचा सल्ला आहे. बेताचे तेल घेऊन लहान कढईत तळले, तर उरतेही थोडे. उरलेले तेल मोरीत ओतू नये. अगदी थोडे असेल तर वाळू, भुसा किंवा जुन्या कागदात शोषून कचऱ्यात द्यावे. सणासुदीनंतर गृहसंकुलातील घरांनी ते एका पिंपात साठविले, तर अधिकृत संकलकाला येण्याजोगा साठा होतो. समारंभाचे यजमान, भोजनशाळांचे विश्वस्त आणि कार्यालयांचे व्यवस्थापक यांच्या हाती तर याहून अधिक आहे. आचाऱ्याशी पदार्थ आणि दर ठरविताना उरलेले तेल कोणाला देणार, त्याची पावती दाखविणार का आणि जास्तीचे अन्न नेण्यासाठी कोणती नोंदणीकृत संस्था येणार, हे तीन प्रश्न त्यांनी विचारले, तर दिल्लीत लिहिलेला नियम त्या भटारखान्यात त्याच दिवशी लागू होईल. पाहुण्यांना आग्रहाने वाढलेल्या पुरीचे तेल उद्या एखाद्या गरिबाच्या पोटात जाणार नाही, एवढी खात्री करून घेणे हाही आतिथ्याचाच भाग मानला पाहिजे.